आउटलुक बंद होताना अडकलं तर मेन बटन दाबू नका

ताईंनो, पाच वाजले की कार्यालयात सगळ्यांचीच घाई. कोणाला तुमसरची एसटी धरायची, कोणाला घरी रोवणीच्या बाया थांबल्या. आउटलुकची फुली दाबली आणि स्क्रीन पांढुरकी होऊन तिथंच अडकली, की हात सरळ मेन बटनाकडे जाते. मागच्या रोवणीत आपण हेच केलं. एका गटाचा कर्जप्रस्ताव बँकेला गेलाच नाही, आउटबॉक्समध्ये पडून राहिला. चार दिवसांनी बँकेतून विचारणा झाली तेव्हा कळलं.

अडकते काहून? फुली दाबली तरी आतलं काम संपलेलं नसते. मेल जात असते, कचऱ्यातले मेल पुसले जात असतात, नाहीतर मेलची फाइल मिटत असते. अशात वीज तोडली तर ती फाइलच बिघडू शकते.

म्हणून आधी दहा मिनिटं थांबा. तरीही हललं नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, यादीत आउटलुक निवडून ‘एंड टास्क’ करा. पुन्हा उघडताना ते फाइल तपासत बसेल, बसू द्या.

मग आउटबॉक्स पाहा. बहुतेक वेळा दोष तिथंच सापडते: आधार, पासबुक, ठरावाची पानं, सगळी रंगीत स्कॅन करून एकाच मेलला जोडलेली. जीमेलवरून एका मेलसोबत २५ एमबीपर्यंतच जाते, आणि जोडलेली फाइल जाताना साधारण एक तृतीयांशाने फुगते. म्हणजे १८ एमबीच्या आतच राहा. ‘सेंड/रिसीव्ह’मध्ये ‘वर्क ऑफलाइन’ करा, अडकलेला मेल ड्राफ्टमध्ये ओढा, पानं काळी-पांढरी स्कॅन करून दोन मेलमध्ये वाटा. ‘वर्क ऑफलाइन’ परत काढायला विसरू नका, नाहीतर काहीच जाणार नाही!

आउटबॉक्स रिकामा असूनही रोज अडकते? फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये बंद होताना डिलीटेड आयटम्स रिकामे करण्याची खूण असेल तर काढा. ते काम दुपारी हातानं करा. तरी नाही जमलं तर कंट्रोल दाबून धरून आउटलुक उघडा आणि सेफ मोडला ‘येस’ म्हणा. तसं नीट बंद झालं तर एखादं अ‍ॅड-इन आडवं येत आहे. ऑप्शन्समध्ये जाऊन एकेक बंद करून पाहा.

ही रीत ऑफिससोबत येणाऱ्या जुन्या आउटलुकची आहे.

आणि प्रस्ताव पाठवला की सेंटमध्ये दिसला का ते पाहून, बँकेत एक फोन करूनच एसटी धरा.