युद्धात जखम झाली, पण कागदावर ती आहे का? माजी सैनिकांनी आणि घरच्यांनी हे जरूर वाचा

पनवेल : 'चंदू चॅम्पियन' हा सिनेमा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी मोबाईलवर बघितला असेल. ज्यांच्यावर तो निघाला ते मुरलीकांत पेटकर मूळचे सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. लष्करात ईएमई कोअरमध्ये जवान होते, बॉक्सिंग करायचे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कंबरेखालचं शरीर लुळं पडलं. पुढे 1972 साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाईल पोहण्यात 37.33 सेकंदांची वेळ देऊन सोन्याचं पदक आणलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण.

सिनेमात हे सगळं आहेच. पण त्यातला चटका लावणारा भाग सोन्यानंतरचा आहे. 1982 मध्ये त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. पद्मश्री मिळाली 2018 साली. आणि अर्जुन, तोही जीवनगौरव म्हणून, मिळाला जानेवारी 2025 मध्ये. म्हणजे पदकानंतर 53 वर्षांनी, वयाच्या ऐंशीनंतर.

पेटकरांची लढाई पुरस्काराची होती. आपल्या रायगडात ज्या घरांमधून पिढ्यान्‌पिढ्या पोरं फौजेत जातात, तिथली लढाई बहुतेक वेळा पेन्शनची असते. महाड तालुक्यातलं फौजी आंबवडे तर नावातच फौज घेऊन बसलंय. पनवेल, कामोठे, खारघरकडेही निवृत्तीनंतर घर घेऊन राहिलेले अनेक माजी सैनिक आहेत. यातल्या कुणाच्या पायात स्प्लिंटर असतो, कुणाचा कान स्फोटात गेलेला असतो. विचारलं तर म्हणतात, "कागदात काय लिहिलंय ते बघितलंच नाही कधी." सगळा खेळ तिथेच आहे.

जखम एकच, पैसे वेगळे

लष्कराच्या पेन्शनमध्ये अपंगत्वाची दोन मोठी खाती समजून घ्या. एक डिसॅबिलिटी पेन्शन, दुसरं वॉर इंज्युरी पेन्शन. संरक्षण मंत्रालयाच्या 31 जानेवारी 2001 च्या पत्रात मृत्यू आणि अपंगत्वाच्या कारणांचे ए ते ई असे पाच गट पाडलेत. ए म्हणजे नोकरीशी संबंध नसलेलं कारण. बी म्हणजे नोकरीमुळे झालेला किंवा नोकरीमुळे वाढलेला आजार. सी म्हणजे ड्युटीवरचा अपघात. डी म्हणजे अतिरेकी, समाजकंटक यांच्या हिंसाचारातली इजा. आणि ई म्हणजे शत्रूची कारवाई, सीमेवरची चकमक, सुरुंग, सरकारने खास जाहीर केलेली ऑपरेशन्स. वॉर इंज्युरी पेन्शन मिळते ती ई गटात बसलं तर.

फरक किती? हिशोब करून बघू. समजा एका जवानाचा शेवटचा पगार 30,000 रुपये होता आणि अपंगत्व 50 टक्के धरलं. डिसॅबिलिटी एलिमेंट 100 टक्के अपंगत्वाला पगाराच्या 30 टक्के असतो. म्हणजे 50 टक्क्यांना 15 टक्के, झाले 4,500 रुपये. तोच माणूस युद्धात जखमी म्हणून नोंदला असेल आणि त्या जखमेमुळेच त्याला सेवेतून काढलं असेल, तर 100 टक्क्यांना पूर्ण पगाराइतका वॉर इंज्युरी एलिमेंट, म्हणजे 50 टक्क्यांना 15,000 रुपये. जखमेनंतरही नोकरीत ठेवून पूर्ण सेवा झाल्यावर निवृत्त केलं असेल तर दर 60 टक्क्यांचा, म्हणजे 9,000. यावर महागाई भत्ता वेगळा, आणि सर्व्हिस एलिमेंट, म्हणजे नोकरीची नेहमीची पेन्शन, तीही वेगळी.

एकाच पायाला लागलेल्या एकाच मारासाठी महिन्याला 4,500 की 15,000, हे एका शब्दावर ठरतं. त्या वेळच्या युनिटने 'बॅटल कॅज्युअल्टी' लिहिलं, की 'फिजिकल कॅज्युअल्टी', यावर. युनिटचा क्लार्क तेव्हा बिचारा घाईत असतो, जवान बेशुद्ध असतो, हॉस्पिटल दुसऱ्याच राज्यात असतं. नंतर कुणाला दोष द्यायचा?

टक्क्यांचंही एक गणित आहे. मेडिकल बोर्डाने 20 टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व लिहिलं तर साधारणपणे हा लाभ मिळत नाही. पण जखमेमुळे किंवा आजारामुळेच घरी पाठवलं असेल, तर अपंगत्व 20 टक्क्यांवर आहे असंच धरायला पाहिजे, असं सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये सुखविंदर सिंग यांच्या खटल्यात सांगितलं. त्याच वर्षी 10 डिसेंबरला राम अवतार खटल्याचा निकाल आला. त्याने टक्के वर ओढून धरण्याची सवलत, ज्याला ब्रॉड बँडिंग म्हणतात, ती पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही लागू झाली. म्हणजे 50 पेक्षा कमी असेल तर 50 धरायचे, 50 ते 75 मध्ये असेल तर 75, आणि त्यावर असेल तर 100. तुमच्या पेन्शनच्या कागदावर 30 किंवा 40 टक्केच दिसत असतील, तर एकदा विचारून बघायला हरकत नाही.

कागद कुठले, मिळणार कुठे

डिस्चार्ज बुक बहुतेकांकडे असतं, देवघरात नाहीतर ट्रंकेत. पण तेवढ्यावर भागत नाही. जखमेच्या दिवशीचा इंज्युरी रिपोर्ट, झाली असेल तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी, युनिटची पार्ट टू ऑर्डर, हॉस्पिटलचे डिस्चार्ज कागद आणि शेवटच्या मेडिकल बोर्डाची पानं, हे लागतं. मेडिकल बोर्डाच्या पानांवर एक रकाना असतो, अपंगत्व सैनिकी सेवेमुळे झालं आहे का, किंवा सेवेमुळे वाढलं आहे का. तिथे 'नाही' लिहिलं असेल तर बाकी सगळं अडतं. आधी तो रकाना वाचा.

कागद नसतील तर आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे मागायचे. मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, ईएमईचं सिकंदराबादला. साध्या अर्जाला उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार आहेच. 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून अर्ज करा, 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला ते 10 रुपयेही लागत नाहीत. अर्जात सैन्य क्रमांक, रँक, युनिट, जखम कधी आणि कुठे झाली, कुठल्या लष्करी हॉस्पिटलात होतो, हे लिहा. "माझे सर्व कागद द्या" असं मोघम लिहिलं की उत्तरही मोघम येतं.

इथे एक घाईची गोष्ट. ज्यांना पेन्शन नाही अशांची कागदपत्रं साधारण 25 वर्षांनी नष्ट केली जातात. वडील मध्येच घरी आले, पेन्शन बसली नाही, आणि आता मुलगा शोधतोय, अशा घरांना हाच दगड लागतो. सोबतच्या जवानाचं किंवा तेव्हाच्या अधिकाऱ्याचं प्रतिज्ञापत्र, जुनी पत्रं, हॉस्पिटलची चिठ्ठी, जे हाताला लागेल ते जपून ठेवा.

अर्ज, अपील, मग ट्रिब्युनल

रेकॉर्ड ऑफिसने किंवा प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाने दावा नाकारला, तर नकाराच्या पत्रापासून 6 महिन्यांत पहिलं अपील करायचं. तेही फेटाळलं तर पुन्हा 6 महिन्यांत दुसरं अपील. त्यानंतर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे सशस्त्र दल न्यायाधिकरण. 2007 च्या कायद्याने ते स्थापन झालं आणि त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. पनवेलहून लोकलने जाऊन यायचं काम, दिल्लीला धावायची गरज नाही. अंतिम निर्णय हातात आल्यापासून 6 महिन्यांची मुदत, पण उशिराचं पटणारं कारण दिलं तर ट्रिब्युनल तो माफ करू शकतं. स्वतः उभं राहून बाजू मांडली तरी चालते.

"आता 20 वर्षं झाली, काय उपयोग," असं पुष्कळ जण म्हणतात. उपयोग आहे. तरसेम सिंग खटल्यात 2008 साली सुप्रीम कोर्टाने म्हटलं की पेन्शन दर महिन्याला कमी मिळत राहते, म्हणून अन्याय दर महिन्याला नव्याने होतो. त्यामुळे जुन्या दाव्याचं दार एकदम बंद होत नाही. मात्र थकबाकी साधारण अर्ज केल्याच्या आधीच्या 3 वर्षांचीच मिळते. म्हणजे जितका उशीर तितका तोटा.

दुसरा कामाचा निकाल 2013 चा, धरमवीर सिंग यांचा. भरतीच्या वेळी कागदावर कुठलाही आजार नसेल आणि नंतर अपंगत्व आलं, तर ते सेवेमुळेच आलं असं धरायचं. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, आणि संशयाचा फायदा जवानाला. हे वाचून सगळंच सोपं वाटेल, पण तसं नाही. सरकार बऱ्याच प्रकरणांत वरच्या कोर्टात जातं, वर्षं जातात. शिवाय सुट्टीवर गावी आल्यावर मोटारसायकलवरून पडलो, तर 'मी नोकरीत होतो' एवढ्यावर ते ड्युटीवरचं मानत नाहीत. जखमेचा आणि सैनिकी कामाचा धागा दाखवावा लागतो.

आणखी एक गल्लत गावात नेहमी होते. सीआरपीएफ, बीएसएफच्या जवानांना हे ट्रिब्युनल लागू नाही. ते केंद्रीय पोलीस दलात मोडतात. त्यांना आपल्या दलाकडे आणि मग हायकोर्टात जावं लागतं. 21 सप्टेंबर 2023 पासून लष्करातल्या अपंगत्वाचे नवे नियम लागू झालेत, त्यामुळे त्या तारखेनंतर बाहेर पडलेल्यांनी जुन्या निकालांवर विसंबून न राहता नवे नियम विचारून घ्यावेत. अग्निवीरांना तर मासिक पेन्शन नाहीच. सेवेमुळे अपंगत्व आलं तर 100, 75 आणि 50 टक्क्यांना अनुक्रमे 44, 25 आणि 15 लाख रुपये एकरकमी. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी हे आधीच माहीत करून घेतलेलं बरं.

पनवेलमधून सुरुवात कुठे करायची

पहिली खेप अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची. पनवेल स्टँडवरून पेण-वडखळ मार्गे एसटी आहे. डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार आणि बँक पासबुक यांच्या झेरॉक्स बरोबर घ्या, मूळ कागद कुणाच्या हातात सोडून येऊ नका. पेन्शनचं सगळं आता 'स्पर्श' नावाच्या ऑनलाइन प्रणालीवर गेलंय. तिथे लॉगिन करून आपल्या पीपीओमध्ये अपंगत्वाचे टक्के आणि पेन्शनचा प्रकार काय दाखवलाय ते बघता येतं. जमत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलाला बसवा, पण ओटीपी फोनवर कुणालाही सांगू नका. "तुमची डिसॅबिलिटी पेन्शन वाढवून देतो" म्हणून टक्केवारी मागणारे दलालही फिरत असतात.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 मध्ये दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. पनवेल कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे त्यासाठी अर्ज करता येतो. जुलै 2025 मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने खास सैनिक कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना सुरू केली. त्यात सैनिक कल्याण कार्यालयांतच कायदेशीर मदतीची केंद्रं उघडायची आहेत. अलिबागला गेलात की ते केंद्र कुठल्या दिवशी चालू असतं, हेही विचारून घ्या.

जुनी जखम आता जास्त त्रास देत असेल, चालणं कमी झालं असेल, तर टक्के पुन्हा तपासण्यासाठी मेडिकल बोर्डाची मागणी करता येते. त्यासाठी मधल्या वर्षांचे एक्स-रे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे एका फाईलमध्ये लावून ठेवा.