अनौरस अपत्याचा ताबा

अनौरस अपत्याचा ताबा : विधिमान्य विवाहाबाहेर जन्मलेल्या अज्ञान अपत्याने कोणाच्या घरी वाढावे, त्याचे संगोपन कोणी करावे व त्याच्या वतीने निर्णय कोणी घ्यावेत, यांसंबंधीचे रूढ व विधिविहित नियम. यात ताबा व पालकत्व या दोन संकल्पना येतात. ताबा म्हणजे अपत्याचा प्रत्यक्ष सांभाळ. पालकत्व म्हणजे त्याच्या शरीराविषयी व मालमत्तेविषयी निर्णय घेण्याचा विधिमान्य अधिकार. हे दोन्ही बहुधा एकाच व्यक्तीकडे असतात; परंतु ते नेहमी तसे असतेच असे नाही.

निरनिराळ्या समाजांत हा प्रश्न दोन परस्परविरुद्ध रूपांत उद्भवतो. जेथे अपत्य हे कुळाचे धन मानले जाते, तेथे एकाच अपत्यावर अनेकजण हक्क सांगतात आणि तंटा ‘मूल कोणाचे’ असा असतो. जेथे असे अपत्य कुळाला कलंक मानले जाते, तेथे त्यावर कोणीच हक्क सांगत नाही आणि ‘मूल कोण घेणार’ हा प्रश्न उरतो. पहिल्या प्रकारचा तंटा न्यायालयाला निवाड्याने मिटविता येतो. दुसऱ्या प्रकारात केवळ निवाडा पुरेसा ठरत नाही, तेथे मातेला आधार देणारी संस्था लागते. महाराष्ट्रात ही दोन्ही रूपे आढळतात. आधुनिक विधीने दोन्हींसाठी अपत्याचे हित ही एकच कसोटी स्वीकारली आहे.

धर्मशास्त्रातील व्यवस्था : स्मृतींत पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी कानीन म्हणजे अविवाहित कन्येच्या पोटी जन्मलेला पुत्र. तो त्या कन्येशी पुढे विवाह करणाऱ्या पुरुषाचा होय, असे मनुस्मृतीचे मत आहे. याज्ञवल्क्यस्मृती त्याला मातामहाचा पुत्र मानते. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वराने मिताक्षरेत या दोन वचनांची संगती लावली. त्याच्या मते कन्या अविवाहित राहिल्यास पुत्र तिच्या पित्याचा व ती विवाहित झाल्यास तिच्या पतीचा ठरतो. महाभारतातील कर्ण हा कानीन पुत्र होय. युद्धापूर्वी त्याला पांडवांच्या पक्षात आणू पाहणारा श्रीकृष्ण याच न्यायाने तो पांडूचा पुत्र ठरतो, असा युक्तिवाद करतो. या सर्व विवेचनात जनक पुरुषाला स्थान नाही आणि मातेच्या इच्छेचाही विचार नाही. अपत्य कोणत्या घराचे, एवढेच ठरवावयाचे असते.

इग्बो समाजातील रूढी : आग्नेय नायजेरियातील इग्बो हा पितृवंशीय समाज असून त्याच्या रूढींत उपर्युक्त व्यवस्थेशी लक्षणीय साम्य आढळते. या समाजात वराच्या कुळाने वधूच्या कुळाला वधूमूल्य दिल्यानंतरच त्या स्त्रीच्या अपत्यांवर वराच्या कुळाचा हक्क प्रस्थापित होतो. ज्याने वधूमूल्य दिलेले नाही, अशा जनक पित्याला केवळ रक्तसंबंधाच्या आधारे मूल मागता येत नाही. अविवाहित कन्येचे अपत्य तिच्या पित्याच्या घरचे मानले जाते व तेथेच वाढते. याउलट, पत्नी विभक्त झाल्यावरही वधूमूल्य परत केलेले नसेल, तर तिला नंतर दुसऱ्या पुरुषापासून झालेल्या अपत्यावर पूर्वीचा पती हक्क सांगू शकत असे. पुत्र नसलेल्या पित्याने एका कन्येचा विवाह न करता तिला घरीच ठेवून तिच्या अपत्यांकरवी वंश चालविण्याची न्राची नावाची प्रथाही काही भागांत होती.

नायजेरियातील न्यायालयांनी या रूढींना मर्यादा घातल्या. रूढी नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध असल्यास ती अंमलात आणावयाची नाही, हे तत्त्व तेथे ब्रिटिश अंमलापासून चालत आले आहे. त्यानुसार १९३२ मध्ये कालाबार विभागातील एका दाव्यात, वधूमूल्य परत मिळाले नाही म्हणून दुसऱ्या पुरुषाची मुले मागणाऱ्या व्यक्तीचा हक्क अमान्य करण्यात आला. हा दावा इग्बो प्रदेशाच्या शेजारील भागातील असला, तरी त्यातील तत्त्व पुढे इतरत्रही मार्गदर्शक ठरले. एनुगू येथील अपील न्यायालयाने २००० मध्ये न्राची प्रथा न्यायबुद्धीशी विसंगत ठरविली. जन्माच्या परिस्थितीवरून कोणाही नागरिकावर निर्बंध लादता येणार नाहीत, अशी तरतूद नायजेरियाच्या १९९९ च्या संविधानात आहे.

महाराष्ट्रातील रूढी : भ्रातृहीन कन्येच्या पुत्राकरवी पित्याचा वंश चालविण्याची कल्पना भारतातही अपरिचित नाही. स्मृतींतील पुत्रिका ही तिचे प्राचीन रूप होय. कर्नाटकातील बळ्ळारी व लगतच्या प्रदेशातील बसवी प्रथेत देवाला वाहिलेली कन्या पित्याच्याच घरी राहून पुत्राचे अधिकार उपभोगी आणि तिची अपत्ये त्याच कुळाची गणली जात. सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेल्या, कोल्हापूर व सांगली भागांतील जोगतिणींची मुलेही आईच्या घरीच वाढत. या मुलांच्या ताब्याबद्दल वाद नसे; मात्र त्यांच्या नावापुढे पित्याचे नाव नसे आणि मुलींना त्याच वाटेने जावे लागण्याचा धोका असे. महाराष्ट्र देवदासी प्रथा (निर्मूलन) अधिनियम, २००५ अन्वये मुलीला देवास वाहणे हा अपराध आहे.

संपन्न घराण्यांत दासीपुत्राचे संगोपन पित्याच्या आश्रयाने होई, पण त्याला कुळात बरोबरीचे स्थान मिळत नसे. पहिला बाजीराव व मस्तानी यांचा पुत्र समशेर बहाद्दर (१७३४–६१) हा पेशव्यांच्या कुटुंबात वाढला व पानिपतच्या युद्धात कामी आला. तथापि त्याला ब्राह्मण म्हणून मान्यता मिळू शकली नाही. सामान्य समाजात लेकावळा, अकरमासा असे शब्द रूढ होते. तोळ्याचे मासे बारा. त्यात एक मासा उणा, म्हणजे सोने हिणकस, असा अकरमासा या शब्दामागील भाव आहे. शरणकुमार लिंबाळे यांनी आपल्या आत्मकथनाला अक्करमाशी (१९८४) हे नाव दिले. गावातील सबळ पुरुषाने पितृत्व नाकारलेल्या, दलित मातेच्या घरी वाढलेल्या मुलाचे अनुभव त्यात आले आहेत.

संस्थांचा उदय : ज्या जातींत विधवाविवाह निषिद्ध होता, त्यांत विधवेचे अपत्य हे उघड संकट असे. भ्रूणहत्या, बालहत्या अथवा मूल गुपचूप टाकून देणे हेच मार्ग तिच्यापुढे उरत. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुणे येथे बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवांनी तेथे गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे आणि मूल सोबत न्यावे किंवा तेथेच ठेवावे, अशी व्यवस्था होती. ताब्याचा निर्णय येथे प्रथमच मातेवर सोपविण्यात आला, हे या संस्थेचे वैशिष्ट्य होय. तेथे जन्मलेल्या यशवंत या ब्राह्मण विधवेच्या मुलाला फुले दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतले. पुढे तो डॉक्टर झाला. पंढरपूर येथे प्रार्थनासमाजाचा बालकाश्रम १८७५ च्या सुमारास सुरू झाला. तीर्थक्षेत्री येऊन बाळंत होणाऱ्या निराधार स्त्रियांच्या मुलांना त्याचा आधार मिळाला. आपल्या अनौरस अर्भकाची हत्या केल्याबद्दल सुरतेतील एका ब्राह्मण विधवेला १८८१ मध्ये शिक्षा झाली. त्या प्रसंगी वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर टीका झाली असता बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी स्त्रीपुरुषतुलना (१८८२) हा निबंध लिहून पुरुषांची जबाबदारी दाखवून दिली. नागपूर येथे कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये मातृसेवा संघाची स्थापना केली व विदर्भातील स्त्रियांना सुरक्षित प्रसूतीची सोय उपलब्ध करून दिली.

विद्यमान विधी : हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ अन्वये औरस अपत्याचा नैसर्गिक पालक प्रथम पिता व त्याच्यानंतर माता असते, अनौरस अपत्याच्या बाबतीत हा क्रम उलट असून प्रथम माता व तिच्यानंतर पिता असा आहे. गीता हरिहरन प्रकरणात (१९९९) सर्वोच्च न्यायालयाने औरस अपत्यासंबंधीच्या ‘नंतर’ या शब्दाचा अर्थ ‘अभावी’ असा लावून विवाहित मातेचा अधिकार विस्तारला. त्यापूर्वी विवाहित मातेला जे स्थान विधीने दिले नव्हते, ते अविवाहित मातेला १९५६ पासूनच मिळाले होते, ही विसंगती लक्षणीय आहे. ताब्याचा निर्णय करताना मात्र कलम १३ नुसार अपत्याचे हितच सर्वोपरी मानावे लागते. त्यामुळे मातेचा अग्रहक्कही निरपवाद नाही.

मुस्लिम विधीच्या हनफी शाखेत असे अपत्य मातेचे मानले जाते आणि त्या दोघांत परस्पर वारसाहक्क असतो. मुंबईतील एका अविवाहित मुस्लिम मातेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये तिचे अपत्य नातेवाइकांच्या ताब्यातून तिच्या स्वाधीन करण्याचा आदेश दिला. मातेला मूल परत न देणे ही बेकायदेशीर अटकाव करण्यासारखीच गोष्ट होय, असे त्यात ठरले. पालक व पाल्य अधिनियम, १८९० हा सर्व धर्मीयांना लागू आहे. एका अविवाहित ख्रिस्ती मातेने या अधिनियमाखाली केलेल्या अर्जावर २०१५ मध्ये निर्णय देताना, मुलाच्या संगोपनाशी संबंध न ठेवणाऱ्या पित्याला नोटीस देणे अथवा त्याचे नाव उघड करणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले.

ताबा मातेकडे असला, तरी पित्याची आर्थिक जबाबदारी संपत नाही. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ अन्वये अनौरस अज्ञान अपत्याचा निर्वाह करणे माता व पिता या दोघांवरही बंधनकारक आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालील पोटगीची तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आली असून ती धर्मनिरपेक्ष आहे. शून्य वा शून्यनीय विवाहातून झालेली अपत्ये हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १६ नुसार औरस मानली जातात. या कलमाची व्याप्ती १९७६ च्या दुरुस्तीने वाढली.

प्रत्यक्ष कार्यवाही : नागपूर जिल्ह्याच्या पारशिवनी तालुक्यातील कन्हान या खाणपट्ट्यातील नदीकाठच्या गावात एखाद्या अविवाहित स्त्रीला अपत्य झाल्यास विधीचा क्रम कसा राहील, हे पाहिले असता वरील तरतुदी स्पष्ट होतात. जन्माची नोंद स्थानिक निबंधकाकडे एकवीस दिवसांत करावयाची असते. पित्याचे नाव दिले नाही, या कारणावरून मातेला जन्मदाखला नाकारता येत नाही. तिचे शपथपत्र पुरेसे ठरते, असा निर्देश २०१५ च्या उपर्युक्त निर्णयातच आहे. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात मातेचे नाव पित्याच्या नावाआधी लिहिण्याची पद्धत ठरविल्याने मातेच्या नावाला शासकीय कागदपत्रांत स्वतंत्र स्थान मिळाले आहे. ताब्याविषयी तंटा झाल्यास अज्ञान जेथे सामान्यतः राहते, तेथील जिल्हा न्यायालयाकडे, म्हणजे नागपूर येथे, अर्ज करावा लागतो. जातपंचायतीने कुटुंबाला दंड केल्यास वा वाळीत टाकल्यास महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण अधिनियम, २०१६ खाली तो अपराध ठरतो.

मातेला मूल सांभाळणे अशक्य असल्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार तिला ते जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे समर्पित करता येते. विवाहाबाहेर जन्मलेले अपत्य समर्पित करण्याचा अधिकार मातेचाच आहे. समर्पणानंतर फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत असते. या काळात ती मूल परत मागू शकते. मुदत उलटल्यावरच मूल दत्तकासाठी विधितः मोकळे ठरविता येते. मूल रस्त्यावर वा देवळाच्या पायरीवर टाकून देणे आणि ते रीतसर समर्पित करणे यांत मोठा फरक आहे. पहिल्यात मुलाच्या जिवाला धोका असतो व मातेचा माग बहुधा राहत नाही. दुसऱ्यात तिची ओळख गुप्त राहूनही परतीचा मार्ग खुला राहतो.

प्रश्नाचे आजचे स्वरूप : यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातील कोलाम आदिवासी कुमारी मातांचा प्रश्न दीर्घकाळ चर्चेत आहे. तेथे मुले बहुधा मातेच्याच घरी वाढतात. त्यांच्या ताब्याविषयी स्पर्धक नसतो. बाहेरून आलेला पुरुष पितृत्व नाकारतो आणि पोटगी मिळविण्यासाठी ते सिद्ध करण्याचा भार गरीब मातेवर पडतो. जनुकीय चाचणीमुळे पितृत्वाचा पुरावा देणे आता शक्य झाले असले, तरी न्यायालयापर्यंत पोहोचण्याचा खर्च व भय हे अडथळे कायम आहेत. विधीने मातेला दिलेले अग्रस्थान ती स्वतःच्या पायावर उभी असेल, तरच उपयोगी पडते; एरवी हक्क तिचा आणि भारही तिचाच, अशी स्थिती होते. म्हणून ताब्याच्या नियमांबरोबरच सुरक्षित प्रसूती, तात्पुरता निवारा, पोटगीची तत्पर वसुली व समर्पणाच्या मुदतीत मातेला योग्य सल्ला या गोष्टी अपत्याच्या हिताचे आवश्यक घटक ठरतात.