मॉल वाढले, टोपलीवालीचे काय?

पनवेलचा बाजार जुना. घाटावरचा माल येथे उतरे आणि खाडीतून गलबताने मुंबईला जाई. १८५२ साली येथे नगरपालिका आली. पुढे सिडकोने भोवती नवी वसाहत उभारली. खारघरला लिटल वर्ल्डसारखे मॉल आले. २०१६ मध्ये खारघर व पनवेल एका महानगरपालिकेत आले, पण गिऱ्हाईक मात्र वाटले गेले.

साडी घ्यायला बाजारात आलेली बाई जाता जाता मेथीची जुडी घेई, चपलेला टाका घालून घेई. साडी मॉलमध्ये गेली की ही वरची खरेदीही जाते. मग मॉलसारखी गाडी लावायला जागा हवी, म्हणून बाजारातली पहिली टोपली उठते. पगारापर्यंतची उधारी मावशी देते, मॉल देत नाही.

आपली मुले मॉलमध्येही कामाला आहेत. तेव्हा मॉलशी आमचे वैर नाही. पण हक्क ठाऊक हवेत. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे शहर समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असतात. त्यांत एक तृतीयांश महिला हव्यात, अनुसूचित जातींनाही योग्य स्थान हवे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही.

बंधू-भगिनींनो, सर्वेक्षणात नाव नोंदवा, समितीवर आपली माणसे निवडून द्या. आणि मॉलमधून परतताना मेथीची जुडी तरी मावशीकडूनच घ्या.