टॅलीत ‘ई’ चालू केलं, पण माल कोणाचा?

ई-इन्व्हॉइसचा पाच कोटींचा आकडा विट्यात एकाची झोप उगाच उडवतो आणि दुसऱ्याला उगाच झोपू देतो. पहिला खर्चीवर माग चालवणारा. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, माग आपले, मिळते ती मजुरी. तो म्हणतो, ‘माझ्या मागांवरून वर्षाला सहा कोटींचं कापड उतरतं, मला ई-इन्व्हॉइस लागणारच.’ दुसरा गलाईवाला, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करणारा. त्याचं एक दुकान मदुराईला, एक कोचीला, दोन्हीकडं वर्षाला तीन-तीन कोटी. ‘पाच कुठं होतात?’ हा त्याचा सवाल. दोघांचीही बेरीज चुकली आहे.

ई-इन्व्हॉइसची सक्ती 1 ऑक्टोबर 2020 ला पाचशे कोटींच्या उलाढालीपासून सुरू झाली आणि एकेक पायरी उतरत 1 ऑगस्ट 2023 ला पाच कोटींवर आली. ही उलाढाल दुकानाची नसते, राज्याचीही नसते. एका पॅनखाली देशभर जितके जीएसटी क्रमांक असतील त्या सगळ्यांची मिळून धरतात. मदुराई आणि कोचीची दुकानं एकाच पॅनवर असतील तर सहा कोटी झाले, आणि दोन्हीकडं ई-इन्व्हॉइस लागू. शिवाय ‘यंदा धंदा पडला, आता सुटलो’ हेही खरं नाही. 2017-18 पासून कुठल्याही एका वर्षात मर्यादा ओलांडली असेल तर ती ओलांडलीच.

मागवाल्याचं उलट आहे. नोंदणीकृत जॉबवर्क करणाऱ्याच्या उलाढालीत मालकाच्या मालाची किंमत धरतच नाहीत, फक्त मजुरी धरतात. सहा कोटींचं कापड व्यापाऱ्याच्या खात्यात, आपल्या खात्यात विणकामाचे पैसे. गलाईतही हाच फरक आहे, तिथं तो जास्त बोचतो. गिऱ्हाइकाचं सोनं गाळून दिलं तर उलाढाल फक्त मजुरीची. पण जुनं सोनं स्वतः विकत घेऊन, शुद्ध करून विकलं, तर सोन्याची सगळी किंमत उलाढालीत येते. 2025 मध्ये किलोभर सोन्याचा भाव कोटीच्या पलीकडं गेला. वर्षाला पाच किलो विकणारा, बाजाराच्या लेखी अगदी किरकोळ असलेला माणूसही मग मोठ्यांच्या यादीत बसतो.

म्हणून टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडण्याआधी विचारायचं ते एवढंच, की माल कोणाचा आहे? सॉफ्टवेअर हे विचारत नाही. तुम्ही विक्रीचं व्हाउचर केलं तर ते विक्री समजतं. व्यापारी सूत मागवाल्याकडं पाठवतो ती विक्री नव्हे. ते डिलिव्हरी चलनावर जातं, आणि चलनाचं ई-इन्व्हॉइस होतच नाही. टॅलीत यासाठी ‘जॉब ऑर्डर प्रोसेसिंग’ चालू करून मटेरियल आउट आणि मटेरियल इनची व्हाउचरं वापरायची. अनेक ठिकाणी हा पर्याय बंदच असतो. सूत गेल्याची नोंद विक्री म्हणून आणि कापड आल्याची खरेदी म्हणून होते, आणि वर्षअखेरीला उलाढाल फुगलेली दिसते. असा माल एका वर्षात परत आला नाही, तर तो पाठवला त्या दिवशीच विकला असं कायदा धरतो. त्यामुळं चलनाची नोंद नीट ठेवणं हे काही नुसतं कारकुनी काम नाही.

आता दुसरा मोठा गैरसमज: ‘बिल आता सरकारच्या साइटवर बनवायचं.’ नाही. बिल तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये बनतं. त्यातली माहिती ठरलेल्या साच्यात पोर्टलकडं जाते, पोर्टल तपासतं, 64 अक्षरांचा आयआरएन (बिलाचा संदर्भ क्रमांक) आणि सही केलेला क्यूआर कोड परत पाठवतं, आणि तो तुमच्या छापील बिलावर येतो. ज्याच्याकडं सॉफ्टवेअरच नाही त्याच्यासाठी एनआयसीचं ‘जेप’ नावाचं मोफत साधन आहे. मात्र ही सक्ती नोंदणीकृत गिऱ्हाइकाच्या बिलांना, निर्यातीला आणि त्यांच्या क्रेडिट-डेबिट नोटांना आहे. दुकानात साडी घ्यायला आलेल्या काकूंच्या बिलाला नाही.

‘एफ11 मध्ये यस केलं की झालं’ हा गैरसमज सगळ्यांत जास्त वेळ खातो. एफ11 मध्ये जीएसटीच्या तपशिलात ई-इन्व्हॉइसिंग चालू करायचं, लागू झाल्याची तारीख टाकायची, हे खरं. पण टॅलीला पोर्टलशी बोलायला स्वतंत्र परवाना लागतो. ई-इन्व्हॉइस पोर्टलवर जाऊन एपीआय नोंदणीत, जीएसपीमार्फत (म्हणजे अधिकृत मध्यस्थ सेवादारामार्फत) हा पर्याय निवडून, टॅलीच्या नावानं नवीन युजर आणि पासवर्ड तयार करावा लागतो. पोर्टलवर रोज लॉगिन करायचा पासवर्ड वेगळा. तोच टॅलीत टाकून ‘सर्व्हर डाउन आहे’ म्हणून सांगणारे मी स्वतः पाहिलेत. दोन राज्यांत दोन जीएसटी क्रमांक असतील तर हे दोनदा करायचं.

यानंतर जी चूक निघते ती बहुतेक मास्टरमध्ये असते. पिनकोड राज्याशी जुळला नाही तर 3039 क्रमांकाची चूक येते. विट्याचा 415311 बरोबर असतो. गिऱ्हाइकाच्या लेजरमध्ये मात्र पिनच नसतो, किंवा भिवंडीच्या पत्त्याला सुरतचा पिन चिकटलेला असतो. बिल क्रमांकाची गंमत त्याहून वेगळी. तो 16 अक्षरांपर्यंत असावा आणि शून्यानं सुरू होऊ नये. ‘001’ पासून नवं वर्ष सुरू करायची आपली पिढीजात सवय इथं अडते. देवनागरी आकडेही चालत नाहीत. एचएसएन कोड पाच कोटींवरच्यांना सहा आकडी लागतो. सुती कापडात चौरस मीटरला 200 ग्रॅमपर्यंत 5208 आणि त्याहून जड असेल तर 5209 हा फरक आहे. कर दोन्हीला सारखाच असल्यामुळं चूक वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

ई-इन्व्हॉइस आणि ई-वे बिल एकच, असंही सर्रास ऐकू येतं. पहिलं बिलाचं, दुसरं गाडीचं. सोनं-चांदी आणि दागिने ई-वे बिलाच्या सर्वसाधारण सक्तीतून वगळलेले आहेत, पण त्यांना ई-इन्व्हॉइसमधून सूट नाही. शिवाय राज्याला आपल्या हद्दीतल्या सोन्यासाठी ई-वे बिल मागता येईल असा 138एफ हा नियम 2023 मध्ये आला आहे, म्हणून बाहेरच्या राज्यातल्या गलाईवाल्यानं तिथला नियम तिथंच विचारावा. आपल्याकडं महाराष्ट्रात, राज्यातल्या राज्यात एक लाखापर्यंतच्या मालाला ई-वे बिल नाही. जॉबवर्कसाठी जाणारं सूत आणि कापड 50 किलोमीटरच्या आत असेल तर किंमत कितीही असो, लागत नाही. सायझिंगवरून गावातल्याच मागावर जाणाऱ्या बीमांची चिंता त्यामुळं मिटते. इचलकरंजी मात्र पन्नासच्या पलीकडं. आणि जॉबवर्कचा माल दुसऱ्या राज्यात, समजा कर्नाटकात पाठवला, तर दहा हजारांच्या सुतालाही ई-वे बिल हवंच. ही तिन्ही कलमं सॉफ्टवेअरला आपोआप कळतात असं समजू नका. मर्यादेची रक्कम आपणच भरायची असते.

‘चुकलं तर खोडून परत करू’ म्हणणाऱ्यांसाठी: रद्द करायला 24 तास मिळतात, तेही पूर्ण बिल, एक ओळ बदलता येत नाही. त्यावर चालू ई-वे बिल असेल तर आधी ते रद्द करावं लागतं. आणि रद्द केलेला क्रमांक त्या वर्षात पुन्हा चालत नाही. टॅलीत बिल खोडलं म्हणजे पोर्टलवरचं खोडलं गेलं असंही नाही. चोवीस तासांनंतर क्रेडिट नोट, किंवा जीएसटीआर-1 मध्ये दुरुस्ती.

‘नोंदवायला तीस दिवस मिळतात, महिनाअखेरीला एकदम करू’ हा त्याचाच चुलतभाऊ. तीस दिवसांनंतर पोर्टल बिल घेतच नाही, ही अट 1 एप्रिल 2025 पासून दहा कोटी आणि त्यावरच्यांना लागू झाली. ती शेवटची हद्द आहे, सवलत नव्हे. माल गाडीत चढण्याआधी बिल हवं, आणि ज्याला सक्ती आहे त्याचं आयआरएन नसलेलं बिल कायद्याच्या लेखी बिलच नाही. मग गिऱ्हाइकाचं क्रेडिट अडतं आणि फोन तुम्हाला येतो. ई-इन्व्हॉइसची माहिती जीएसटीआर-1 मध्ये आपोआप भरली जाते, पण रिटर्न आपोआप दाखल होत नाही. मासिक भरणाऱ्यांना 11 तारखेपर्यंत बटण दाबावंच लागतं.

एक छोटी गोष्ट. 1 एप्रिल 2023 पासून ‘एडिट लॉग’, म्हणजे हिशेबातल्या प्रत्येक बदलाची नोंद, सगळ्यांना सक्तीचा झाला म्हणून काहींनी घाईनं सॉफ्टवेअर बदललं. ती अट कंपन्यांना आहे. एकट्याच्या किंवा भागीदारीच्या पेढीला नाही. ठेवला तर चांगलंच, पण भीतीपोटी नको.

शेवटी क्यूआर. व्यापारी मोबाइलवर स्कॅन करतो, जीएसटीच्या अ‍ॅपवर खूण येते आणि तो निश्चिंत होतो. त्या चौकोनात दोघांचे जीएसटी क्रमांक, बिलाचा क्रमांक, तारीख, रक्कम, किती ओळी, मुख्य वस्तूचा एचएसएन आणि आयआरएन एवढंच असतं. बिल नोंदलेलं आहे, इतकंच त्यातून कळतं. तागे मोजलेले असतील का, मीटर पुरे भरतात का, हे बघायला गाठोडं सोडावंच लागतं.