चिठ्ठीतले प्रश्न: वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी



वस्तीतल्या विहारात किशोरवयीन मुलामुलींचे शिबिर असले की आम्ही एक रिकामा डबा ठेवतो. नाव न लिहिता चिठ्ठीवर प्रश्न लिहायचा आणि डब्यात टाकायचा. तोंडाने फारसे कोणी विचारत नाही, पण डबा भरतो. "अंगावरून पांढरे जाते, पुढे मूल होईल ना?" "झोपेत वीर्य जाते, त्याने कमजोरी येते का?" "सार्वजनिक संडासातून गुप्तरोग होतो का?" "एकदाच केले तर काही होत नाही, हे खरे का?" या वेळचे आरोग्य पान या चिठ्ठ्यांसाठी आहे.

काही पालक आम्हाला म्हणतात, "सिस्टर, असले विषय विहारात कशाला?" पण दर रविवारी हीच मुले विहारात पंचशील म्हणतात. तिसऱ्या शीलाचा अर्थ एखाद्याने विचारला की मोठी माणसे विषय बदलतात. मग मुले तो अर्थ मोबाइलवर शोधतात, आणि तिथे जे दिसते त्याला शिक्षण म्हणता येत नाही. दुसरी गोष्टही लक्षात ठेवू. 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली मुंबई उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते बाबासाहेब. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते अश्लील ठरत नाही, असे त्यांनी मांडले. निकाल विरोधात गेला. तरी प्रश्न विचारणाऱ्याला खरे उत्तर मिळाले पाहिजे, ही बाजू बाबासाहेबांनी घेतली, हे आपल्या घरांत माहीत असायला हवे.

नावातच घोटाळा

आपल्याकडे सिफिलिसला 'गरमी' म्हणतात आणि गनोरियाला 'परमा'. 'गरमी' म्हटले की लोकांना अंगातली उष्णता वाटते. मग सब्जा पाण्यात घालून पितात, अंडी बंद करतात. पण हा आजार जंतूंचा आहे. तो आंबा खाऊन होत नाही आणि सब्जाने बरा होत नाही. तो शरीरसंबंधातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि योग्य औषधाने पूर्ण बरा होतो.

गरमी, परमा, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास हे चार संसर्ग औषधांनी बरे होतात. हर्पिस, एचपीव्ही, हिपॅटायटिस बी आणि एचआयव्ही हे चार विषाणूंचे आहेत. यांतल्या हर्पिस, हिपॅटायटिस बी आणि एचआयव्हीवर औषधे आहेत, त्यांनी आजार ताब्यात राहतो. एचपीव्हीचा संसर्ग बहुतेकदा शरीर स्वतःच घालवते, पण काहींच्या शरीरात तो टिकतो आणि पुढे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो.

जखम गेली, आजार गेला नाही

आमच्याकडे एक तरुण आला होता. लघवीच्या जागी एक फोड झाला होता, दुखत नव्हता. मेडिकलवरून मलम आणून लावले, काही आठवड्यांत फोड गेला. मलमाने काम केले असे त्याला वाटले. पुढे तळहात-तळपायांवर लालसर चट्टे उठले, तेव्हा तो दवाखान्यात आला. रक्त तपासले तर गरमी निघाली. गरमीची पहिली जखम बहुतेकदा दुखत नाही आणि औषध न घेताही भरते. जंतू मात्र रक्तात राहतात. वर्षांनंतर ते हृदय आणि मेंदूपर्यंत जाऊ शकतात, आणि गरोदर बाईकडून पोटातल्या बाळाला लागतात. पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने त्या तरुणाचा आजार बरा झाला.

परम्यात पुरुषाला लघवीला जळजळ होते, पू येतो. मुलींना आणि बायकांना पुष्कळदा काहीच जाणवत नाही. आतल्या आत संसर्ग गर्भनलिकांपर्यंत चढतो आणि पुढे मूल राहणे अवघड होते. मग वांझ म्हणून बोल तिलाच लागतात. म्हणून "मला काही होत नाही" यावर विसंबू नये. एकदाच संबंध आला तरी संसर्ग लागू शकतो.

प्रत्येक खाज म्हणजे गुप्तरोग नव्हे

हे आईबापांनी नीट वाचावे. वयात आलेल्या मुलीच्या अंगावरून पातळ किंवा दुधी रंगाचे, वास नसलेले थोडे पाणी जाणे नेहमीचे आहे. पाळीच्या मधल्या दिवसांत ते वाढते. दह्याच्या कवडीसारखे पांढरे जात असेल आणि खूप खाज असेल, तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. शरीरसंबंध कधीच न आलेल्या मुलीलाही तो होतो. पाळीचे कापड लाजेखातर खाटेखाली वाळवण्यापेक्षा उन्हात वाळवावे. मुलीने खाज सुटते म्हणून सांगितले आणि घरात पहिला प्रश्न तिच्या वागण्याचा निघाला, तर ती पुन्हा कधी सांगणार नाही. हिरवट-पिवळे, फेसाळ, घाण वासाचे जात असेल, ओटीपोट दुखत असेल, ताप असेल तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मुलांच्या जांघेत गोल चट्टे उठतात ते बहुतेकदा गजकर्ण असते. घामाने आणि ओल्या कपड्यांनी ते वाढते. मेडिकलवर मागून मिळणाऱ्या पुष्कळ ट्यूबांत स्टेरॉइड असते. त्याने खाज दोन दिवस थांबते आणि गजकर्ण आणखी पसरते.

झोपेत वीर्य जाणे हा आजार नाही. हस्तमैथुनाने रक्त आटत नाही, कमजोरी येत नाही. 'धातू जातो' असे घाबरवूनच स्टेशनच्या आणि मुतारीच्या भिंतींवरच्या जाहिरातींचा धंदा चालतो. तिथे बापाची मजुरी जाते आणि पोराचा आजार, असलाच तर, तसाच राहतो.

संडासाच्या भांड्यावरून, सार्वजनिक नळावरून, एका ताटात जेवल्याने किंवा डास चावल्याने एचआयव्ही किंवा गरमी होत नाही. पण संडास लांब आहे, अंधार आहे म्हणून मुली पाणी कमी पितात आणि लघवी दाबून ठेवतात. त्यातून लघवीचा संसर्ग होतो, जळजळ होते. ती जळजळ गुप्तरोगाची नसते. त्यावर इलाज भरपूर पाणी, औषध आणि वस्तीत उजेड असलेले, दाराला कडी असलेले संडास मागणे.

बचाव कसा करायचा

पहिली गोष्ट, 'नाही' म्हणण्याचा हक्क मुलीलाही आहे, मुलालाही. प्रेम सिद्ध करायला शरीर मागणाऱ्याला नकार देता आला पाहिजे.

दुसरी, निरोध. सरकारी दवाखान्यात तो फुकट मिळतो. पाकिटावरची तारीख बघावी. पँटच्या खिशातल्या पाकिटात महिनोन्‌महिने ठेवलेला वापरू नये. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावू नये, रबर फाटते. एका वेळी एकच आणि दर वेळी नवा वापरावा. न झाकलेल्या त्वचेवर जखम असेल तर हर्पिस, गरमी, एचपीव्ही निरोध असूनही लागू शकतात. दुसऱ्या दिवशी घेतात ती गोळी फक्त गर्भ राहू नये म्हणून असते, संसर्ग तिने थांबत नाही.

तिसरी, लस. हिपॅटायटिस बीची लस आता बाळाला जन्मतःच देतात. मोठ्या मुलांचे जुने कार्ड काढून बघा, राहिली असेल तर विचारा. एचपीव्हीची लस ९ ते १४ या वयात, संबंध येण्याआधी, सगळ्यात जास्त उपयोगी पडते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली देशी लसही आता आहे. आपल्या केंद्रात ती मिळते का, हे आशाताईंना विचारा.

चौथी, सुई. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर आपली पोरे हौसेने हातावर 'जयभीम' गोंदवतात. गोंदवा, पण पाकीट आपल्यासमोर फोडलेली नवी सुई आणि नवी शाई असेल तरच. एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर हिपॅटायटिस आणि एचआयव्ही रक्तातून जातात.

कुठे जायचे

किशोरवयीनांसाठी महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक आहेत. लैंगिक संसर्गासाठी 'सुरक्षा' क्लिनिक आहेत. तिथे लक्षणांनुसार औषधांची रंगीत पाकिटे मोफत मिळतात. बरे वाटले तरी कोर्स पूर्ण करावा. जोडीदाराचाही उपचार व्हायला हवा, नाहीतर संसर्ग पुन्हा लागतो. आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गुप्त असते. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती घेतात. संबंधानंतर लगेच केलेल्या तपासणीत संसर्ग दिसेलच असे नाही, तीन महिन्यांनी पुन्हा करावी. १०९७ या क्रमांकावर फुकट माहिती मिळते.

अठरा वर्षांखालील मुलामुलीशी शरीरसंबंध २०१२ च्या पोक्सो कायद्याने गुन्हा आहे, मर्जी असली तरी. आम्हा नर्स-डॉक्टरांनाही ते कळवावे लागते. या भीतीने घरचे दवाखानाच टाळतात आणि आजार वाढतो. असे करू नका. अत्याचार झालेल्या मुलावर किंवा मुलीवर सरकारी आणि खाजगी रुग्णालयांनी ताबडतोब मोफत उपचार केलेच पाहिजेत. एचआयव्ही रोखणारी औषधे ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी चांगली, सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात. म्हणून आधी रुग्णालय गाठा. मदतीसाठी चाइल्डलाइन १०९८. लहान मुलाला असा संसर्ग झालेला दिसला तर त्याला रागावू नका. त्याच्याशी कोणीतरी काहीतरी केले असण्याची दाट शक्यता असते.

आईबापांना एवढीच विनंती. मुलाने अडखळत काही सांगायला सुरुवात केली तर टीव्ही बंद करा आणि पूर्ण ऐकून घ्या. तुम्हाला उत्तर येत नसेल तर "उद्या आपण सिस्टरकडे जाऊ" एवढे म्हणा, आणि उद्या खरोखर घेऊन या.