दुखणें थांबावें, पोट न दुखावें

आमच्या गोंदिया जिल्ह्यांत धानाची रोवणी सुरू झाली कीं, चिखलांत दिवसभर वांकून राबणाऱ्या बायाबापड्यांच्या कमरा व गुडघे ठणकूं लागतात. घरांतील वृद्धांचा संधिवातही त्याच ओल्या दिवसांत डोकें वर काढतो. मग दुकानांतून गोळ्या आणून रिकाम्या पोटीं चहाबरोबर गिळण्याचा परिपाठ घरोघर दिसतो. सांध्यांस सुख मिळतें, आणि पोटांत मात्र आग पडते. एकाच गोळीचीं हीं दोन फळें कां, आणि त्यावर रसायनशास्त्रज्ञांनीं कोणती युक्ति योजिली, हें सुज्ञ गृहस्थांनीं जाणून घेण्याजोगें आहे.

वाळुंजाच्या जातीच्या झाडांची साल ज्वर व वेदना यांवर प्राचीन काळापासून वापरीत. त्या सालींतील द्रव्याचा शोध घेतां घेतां सॅलिसिलिक आम्ल हातीं आलें. तें गुणकारी खरें, पण पोटास फार जाचक. १८९७ सालीं जर्मनीच्या बायर कंपनींत फेलिक्स हॉफमन यांनीं त्यापासून शुद्ध ॲस्पिरिन तयार केलें. जाच कमी झाला, नाहींसा झाला नाहीं.

याचें कारण १९७१ सालीं इंग्लंडांत जॉन व्हेन यांनीं उलगडलें. शरीरांत प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें निर्माण होतात. सांध्यांत तीं सूज व वेदना वाढवितात, पण जठरांत तींच संरक्षक श्लेष्माचा थर राखतात. वेदनाशामक गोळी त्यांची उत्पत्तिच रोखते. म्हणून शत्रूबरोबर रक्षकही मारला जातो. शिवाय यांतील बहुतेक औषधें स्वभावतः आम्ल असल्यामुळें जठराच्या अस्तरास स्पर्शानेंही इजा करतात.

हा दुसरा अपाय टाळण्यासाठीं ‘प्रोड्रग’ची कल्पना निघाली. हा शब्द १९५८ सालीं एड्रियन अल्बर्ट यांनीं रूढ केला. आपण त्यास ‘पूर्वौषध’ म्हणूं. तरवार म्यानांत घालून न्यावी, तसा औषधाचा आम्ल भाग दुसऱ्या अणुसमूहानें झांकावयाचा. जठरांतून तें निरुपद्रवी रूपानें जावें आणि पुढें आंतड्यांत, रक्तांत किंवा यकृतांत म्यान गळून पडावें. नॅब्यूमेटोन मुळांत आम्ल नसून यकृतांत गेल्यावर कार्यक्षम होतें. सुलिंडॅक व जपानांतील लोक्सोप्रोफेन हींही याच कुळांतलीं.

कसब आहे तें म्यानाच्या घट्टपणांत. बंध सैल असेल तर तो जठराच्या आम्लांतच तुटेल. फार घट्ट असेल तर औषध न उघडतांच शरीराबाहेर पडेल. म्हणून नवें पूर्वौषध प्रथम जठररसासारख्या तीव्र आम्लांत व रक्तासारख्या द्रवांत ठेवून पारखतात. पुण्याच्या पूना कॉलेज ऑफ फार्मसींत डॉ. सुनीला धनेश्वर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मोठ्या आंतड्याच्या दाहावरील अमिनोसॅलिसिलिक आम्लास टायरोसिनसारखीं अमिनो आम्लें जोडून अशीं पूर्वौषधें रचलीं व उंदरांवर तपासलीं. त्यांतील बंध मोठ्या आंतड्यांतील जंतूच तोडतात, हें विशेष.

तथापि भ्रम नसावा. म्यानामुळें स्पर्शाचा अपाय टळतो. पण रक्तांत शिरल्यावर औषध प्रोस्टाग्लँडिनें रोखतेंच, आणि जठराचा रक्षक दुर्बळ होतोच. म्हणजे पूर्वौषध सौम्य असेल, निर्दोष नव्हे.

यास्तव कर्त्या माणसांनीं कांहीं गोष्टी कटाक्षानें पाळाव्या. दोन वेदनाशामकें एकत्र घेऊं नयेत. अन्नोत्तर गोळी घेतल्यानें जळजळ कमी होईल, पण व्रणाचें भय सरत नाहीं. वृद्ध, मूत्रपिंडाचे वा हृदयाचे रोगी, आणि रक्त पातळ करणारें औषध घेणारे यांनीं वैद्यांस विचारल्याविना गोळी घेऊं नये. शौचास डांबरासारखें काळें झाल्यास तो रक्तस्राव समजून त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. ज्या घरांत आजीची गोळी सुनेला व सुनेची गड्याला सहज दिली जाते, तेथें एवढी सावधगिरी एखादा जीव वांचवील.