यंत्राचं नाव कसं वाचावं?

मध्यंतरी आमच्या वाचनालयात माझा फोन वाय-फायला जोडेना. तिथल्या मुलानं सभासदांच्या फोनचे हार्डवेअर पत्ते यादीत घेतले होते. माझा मीच वाचून दाखवला होता. तरी तो म्हणाला, "सर, हा फोन यादीत नाही." जन्मभर 'ओळख म्हणजे काय' हे शिकवलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं!

तेव्हा हा पत्ता, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस, कसा असतो ते आधी बघू. समजा तो ५ई:२०:९१:सी४:०७:बी८ असा आहे. सहा जोड्या, बारा चिन्हं. चिन्हं सोळा प्रकारची: ० ते ९, आणि पुढे ए ते एफ, ए म्हणजे दहा, एफ म्हणजे पंधरा. एका चिन्हात चार बिट, म्हणून एकूण ४८ बिट. मधले कोलन केवळ वाचणाऱ्याच्या सोयीसाठी.

पहिल्या तीन जोड्या सहसा उत्पादकाच्या. त्या आयईईई ही संस्था नेमून देते. उरलेल्या तीन कंपनी स्वतः भरते. त्यांत १,६७,७७,२१६ वेगळे पत्ते बसतात. आधी आडनाव, मग नाव, असं म्हणा हवं तर.

आता खरी गोम. पहिल्या जोडीच्या शेवटच्या बिटवरून पत्ता एका यंत्राचा की समूहाचा, हे कळतं. त्याच्या डावीकडचा बिट सांगतो, की पत्ता उत्पादकानं दिलाय की स्थानिक पातळीवर ठरवलाय. म्हणून एका यंत्राच्या पत्त्यात दुसरं चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल, तर तिथे कंपनीचं आडनाव शोधू नका. आपल्या उदाहरणात ते ई आहे, बघा.

माझं कोडं इथेच सुटलं. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) यांच्यापासून फोन वेगवेगळ्या वाय-फायला वेगवेगळा पत्ता सांगू शकतो, कुणी माग काढू नये म्हणून. मी वाचून दाखवला तो कारखान्यातला. फोन सांगत होता दुसराच!

मग खोटं कोण बोललं? कुणीच नाही. पत्ता हा पुरावा नव्हे, तो यंत्रानं केलेला दावा आहे. जो बदलता येतो, त्याची नक्कलही करता येते. म्हणून नुसत्या अशा यादीला कुलूप समजू नका. नाव ऐकून हाक मारता येते. तेवढ्यावरून किल्ली हातात द्यायची नसते.